वाडी लाल, खापा हिरवं

कोरोनात टीव्ही पाहू पाहू आमच्या ह्यांचं, म्हंजे भैय्याजीचं, डोकं फिरलं होतं. कोणत्या सरकारनं कोणता देश लाल केला, कोणता हिरवा, दिवसभर तेच. मंग ह्यांनीही सोयऱ्याधायऱ्यांच्या गावांचे देश केले! बुटीबोरी पिवळी. वाडी लाल, काहून की तिथं चारी राज्याचे ट्रक येतात. अन् खापा हिरवं! काहून, तं ह्यांचा भाऊ ताराचंद तिथून वांगे घेऊन येते. हनुवटीवर मास्क, अन् घंटाभर चहा.

"अजी, तुमच्या सरकारात वशिला चालते वाटते," मी म्हनलं.

पन जीव माहा जळून राहिला होता. आमची सरिता वाडीले दिली. तिले आठवा लागलेला, पहिलं बाळंतपण, माहेरी यायचं होतं. अन् बाप फोनवर सांगून राहिला, "बेटा, तुमचा एरिया रेड हाय. थांब थोडी." पोरगी "बरं बाबा" म्हनली अन् फोन ठेवला. रडली असती तं बरं वाटलं असतं मले.

त्याच हप्त्यात लंडनहून आमच्या प्रशिकचा फोन आला. तो तिथं शिकते. त्याले भेटाले जायचं म्हनून ह्यांनी कोटही शिवून ठेवला होता.

"बाबा, इथल्या सरकारनं भारताले रेड लिस्टमंदी टाकलं. आता तुमाले येता नाही येनार."

बाप्पा! काय भडकले!

"अरे, म्या काय केलं गा? दोन्ही डोस घेतले, घराबाहेर पाय नाही टाकला! आख्ख्या देशाले एकच शिक्का? मानूस पाहाव का नाही?"

मी पोळ्या लाटून राहिली होती. बेलनं खाली ठेवलं.

"अन् आपल्या सरितानं काय केलं जी?"

ह्यांनी टीव्हीच बंद केला. जेवलेही नाही धड.

सकाळी पाहते तं हे घरात नाही. दुपारी शेजारच्या कृष्णकांतचा ऑटो दारात थांबला, अन् हे सरिताले धरून उतरले. मी धावली, तं ह्यांनी हात आडवा केला.

"दूर राह्य वं! आमी दोघंही वाडीहून आलो. दोघंही रेड."

अन् बापलेक वरच्या खोलीत गेले, कूलर लावला, दार लावून घेतलं. मी दाराशी ताट ठेवावं अन् पायरीवर बसावं. आतून दोघं हसले की मलेही हसू ये.

चार दिवसांनी ताराचंद आला, वांग्याची थैली घेऊन. मी फाटकातच उभी राह्यली.

"थैली ठेवा भाऊजी, अन् मागं फिरा. खापा लाल झालं."

वरून हे वरडले, "काहून वं? तो तं हिरवा हाय!"

"घरात गरवार पोरगी हाय. आता लिस्ट मी करते!"

ताराचंद रुसला, खुशाल रुसो. त्याच वांग्यांची भाजी केली, ताट वर नेलं. सरितानं खिडकीतून वास घेतला अन् म्हनली, "आई, तिखट जास्त टाकलं ना वं?"

कोनी काही म्हना, माही पोरगी माह्या घरात होती.