पेन्शनला नको म्हणणारी नेरीस

जन्मभर पत्र्याच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये साहेबांची बोलणी खाल्लेल्या ग्लेनिस प्रॉथरोवर सत्तरीत मालकीण व्हायची वेळ आली. अर्धांगाने डावी बाजू गेली, गावच्या कौन्सिलने मदतनीस ठेवायला पैसे मंजूर केले आणि नेरीस कामाला आली. नोकर एकच, पण कायद्याने ग्लेनिस मालक ती मालकच! मालकाने नोकराला न विचारता पेन्शन योजनेत घालायचं, स्वतःचा वाटा भरायचा; नोकर बाहेर पडला तर तीन वर्षांनी त्याला पुन्हा आत घालायचं. "मी आणि मालकीण! बाप असता तर हसून हसून मेला असता," असं ती शेजारणींना सांगायची.

नेरीस तेव्हा लगेच बाहेर पडली होती; ती तीन वर्षं आता भरली. नेरीस पुन्हा योजनेत गेली आणि चहा ओतता ओतता म्हणाली, "उद्या कळवते त्यांना. नको म्हणून."

ग्लेनिसचा घास हातातच राहिला. एखादी गोष्ट कळली नाही की तिला अन्न गोड लागत नसे, आणि ही गोष्ट तर डोक्यावरून गेली. नेरीसने थोडे टाकायचे, त्यात मालकाची भर, वर सरकारचे चार पैसे. पंचावन्न वर्षांची बाई, गाठीला काही नाही, आणि आयतं आलेलं लाथाडते?

"का गं? माझी कीव येते म्हणून? अगं, तो वाटा कौन्सिल देतं."

"तुमची कीव कोण करतंय? नको म्हणजे नको."

"पगार पुरत नाही?"

"पुरतो."

"मग त्या लोकांवर भरवसा नाही?"

"मिसेस प्रॉथरो, चहा प्या मुकाट्याने. गार होतोय."

नेरीस बाजाराला गेली तशी ग्लेनिसने योजनेच्या ऑफिसला फोन लावला. बाहेर का पडते हे सांगता येणार नाही, म्हणाला तिथला माणूस. पण म्हातारी एवढ्यावर सोडते होय? आत गेल्यावर काय काय विचारतात, काय भरावं लागतं, सगळं खोदून खोदून विचारलं तिने. शेवटी बिचारा थकला.

संध्याकाळी नेरीस ग्लेनिसच्या पायात मोजा चढवत होती.

"माझ्याकडे बघ," ग्लेनिस म्हणाली. "कँटीनची पेन्शन आहे म्हणून थंडीत हीटर चालतो. तुझ्या म्हातारपणी तू काय करणार? बर्फात बसणार?"

नेरीसचा हात थांबला. "एक प्रश्न विचारतात ते."

"कसला?"

"मी मेले तर पैसे कुणाला द्यायचे. नाव लिहा म्हणतात. मागच्या वेळी त्या पानापाशी तासभर बसले, आणि मग बाहेरच पडले."

"कुणी नाही म्हणून?"

"आहे ना. गेथिन. मुलगा माझा." तिचे डोळे भरून आले. "नवऱ्याशी माझं बिनसलं तेव्हा तो बापाच्या बाजूने गेला. तुझं काही नको मला, म्हणाला तोंडावर. त्यालाही झाली पुष्कळ वर्षं. त्याचं नाव लिहू कशी? आणि दुसऱ्याचं तरी कसं लिहू?"

"अगं खुळे!" ग्लेनिस जवळजवळ ओरडलीच. "तो रकाना कोरा ठेवता येतो. सकाळीच विचारलं मी. कोरा ठेवला तरी पेन्शन मिळते."

नेरीसला हसू आणि रडू एकदमच आलं. एवढ्यासाठी तीन वर्षं घालवली? तिने मोबाइल काढला, ते पान उघडलं.

"कोरा ठेव आणि दाब की पुढे," ग्लेनिस म्हणाली.

नेरीसने दाबलं नाही. "आता कुणाची जबरदस्ती नाही, नाही का?" असं पुटपुटत तिने एकेक अक्षर लिहिलं. गेथिन. मग जन्मतारीख. मग ती अडली.

"आता काय?"

"पत्ता मागतायत. मला ठाऊक नाही."

"फोन नंबर आहे?"

"तोंडपाठ आहे."

ग्लेनिसने घरचा फोन उजव्या हाताने तिच्याकडे सरकवला. नेरीसने बाहीला डोळे पुसत तो उचलला आणि नंबर लावला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग कुणीतरी बोललं.

"गेथिन? आई बोलतेय. ठेवू नकोस रे. मला फक्त तुझा पत्ता हवाय."