फक्त बोलणारा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. जुना म्हणजे अगदी म्हातारा-बितारा नाही हं! रंग उडालाय, तोंडाच्या कडेला गंज धरलाय, एवढंच. मैदानाच्या मधोमध तो उंच खांब दिसतोय ना, त्याच्यावर मी असतो. माझ्या डोक्यावर एक कॅमेरा बसलाय. तो नुसता बघतो, चकार शब्द काढत नाही. मी मात्र खूप बोललोय. आज तुम्ही आपणहून खाली येऊन बसलात, म्हणून सांगतो. कारण जे झालं ते आठवलं की अजून माझा पत्रा थरथरतो!

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा कापला, वाकवला, घासला, रंगवला आणि शेवटी तपासणाऱ्या माणसाने माझ्यातून पहिला शब्द काढला, ‘हॅलो.’ काय ऐटदार वाटला मला तो! खोक्यात बसून मी नुसती स्वप्नं बघत होतो. आपण गाणी म्हणणार, धावण्याच्या शर्यती सुरू करून देणार, हरवलेल्या पोरांना त्यांच्या आया मिळवून देणार.

खोकं उघडलं ते या मैदानात, आणि मी चक्रावलोच.

काय अवस्था होती म्हणून सांगू! घसरगुंडीच्या खाली फुटक्या बाटल्यांच्या काचा. झोक्याची एक साखळी तोडलेली, त्यामुळे झोका लंगड्यासारखा लोंबकळत होता. तीन-चार दांडगट पोरं मोटारसायकली थेट हिरवळीवर घालायची, गरागरा फिरवायची, आणि फिरायला आलेल्या बायका झाडांच्या बुंध्यांना चिकटून उभ्या राहायच्या. कुणी काही म्हटलं तर, ‘तुमच्या बापाचं आहे का मैदान?’ लोकांनी तक्रारी करून करून साहेबांचं डोकं खाल्लं. मैदानाची देखभाल ज्यांच्याकडे होती ते हे साहेब. त्यांनी मला आणि कॅमेऱ्याला आणवलं.

मला खांबावर चढवणारा वायरमन म्हणाला, “साहेब, ऐकायचीही सोय करून टाकू का? एक तार जास्त टाकली की झालं. खालची माणसं बोलतील ते वर खोलीत ऐकू येईल.”

साहेब म्हणाले, “आपल्याला सांगायचंय रे, ऐकायचं कुठे काय आहे?”

झालं. ती तार काही पडली नाही. नीट लक्षात ठेवा हं हे, कारण सगळा घोळ इथेच आहे. खालचं बोलणं मला ऐकू यायचं, स्वच्छ यायचं. पण ते पुढे पाठवायला माझ्याकडे वाटच नव्हती.

समोरच्या ऑफिसात वरच्या मजल्यावर एका खोलीत एक ताई बसायची. तिच्यासमोर स्क्रीन आणि माईक. माईकचं बटण तिने दाबलं की तिचा आवाज माझ्या तोंडून बाहेर. नुसता तिचाच नाही, त्या खोलीतला पंखा, कपाची किणकिण, कुणाची शिंक, सगळंच! आणि ताईचा आवाज काय होता! खणखणीत. पहिल्याच दिवशी ती पोरं गाड्या घेऊन आत शिरली आणि मी ओरडलो, “निळी मोटारसायकल! हिरवळीवरून बाहेर! हो, तूच. मागे काय बघतोस?”

पोरगं असं दचकलं की गाडीसकट आडवं झालं. टाळ्या पडल्या हो टाळ्या! आजोबा लोक माझ्याकडे बघून हात जोडायला लागले. पोरं परत आली, मी परत ओरडलो. मग ती यायची कमी झाली. झोक्याला नवी साखळी लागली. काचा उचलल्या गेल्या. मी म्हणजे त्या मैदानाचा हिरो होतो, मित्रांनो.

पण साहेबांना आता चटक लागली. पोरं गेली, तर ते नवीन माणसं शोधायला लागले. बाकावर पाय वर घेऊन बसू नका. झाडाखाली झोपू नका. मोठ्याने हसू नका! खरंच सांगतो, हे मी बोललोय. एक बाई बाळाला थोपटत गुणगुणत होती, तिला मी सगळ्यांसमोर म्हणालो, “गाणं बंद करा.” तिचा चेहरा असा उतरला! बाळ रडायला लागलं. मला वाटलं, खांबावरून उडी मारावी. हळूहळू मैदान रिकामं व्हायला लागलं. आलेली माणसंसुद्धा माझ्याकडे चोरून बघायची.

आणि अशा वेळी टोपीवाले काका आले.

काटकुळे, पाठीत वाकलेले, डोक्यावर रुंद काठाची टोपी. आले, माझ्या खांबाखाली उभे राहिले, इकडेतिकडे बघितलं, आणि सरळ दोरी ओलांडून फुलांच्या वाफ्यात जाऊन उभे! मी थक्क. खांबाला पाटी आहे, दोरी आहे, आणि हे गृहस्थ आत.

ताई कडाडली, “ओ टोपीवाले! वाफ्यातून बाहेर या!”

काका वर बघून म्हणाले, “येतो गं, येतो. जेवलीस का?”

आणि आले बाहेर. माझा विश्वासच बसेना. शिव्या ऐकल्या होत्या, तोंडं वेंगाडलेली बघितली होती, पण ‘जेवलीस का’ असं मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. ताई ओरडायची, काका बाहेर यायचे आणि वर बघून काहीतरी बोलायचे. ‘आवाज बसलाय तुझा, गरम पाणी पी.’ ‘आज वैतागलेली वाटतेस, साहेब बोलला का काही?’ ताईला यातलं अक्षर ऐकू जायचं नाही. तिला वरून फक्त टोपी दिसायची आणि वाफ्यात पाय; काकांनी मान वर केली तरी चेहरा टोपीच्या काठाच्या सावलीत. ती दिवसेंदिवस जास्तच चिडायची. त्या मोटारसायकलवाल्या पोरांना तर करमणूकच मिळाली. “काका, आज बाईने लवकर हाक मारली. जमतंय बहुतेक!” काका हसायचे नुसते.

आणि एक सांगू? काका फुलं तुडवायचे नाहीत. मी वरून बघत होतो ना. एकेक पाऊल दोन रोपांच्या मधे, असं जपून टाकायचे की एक पाकळी हलायची नाही.

मैदानात रोज विणकाम घेऊन बसणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनी एके दिवशी सुया खाली ठेवल्या आणि चांगलंच फटकारलं. “अहो, वयाला शोभतं का हे? रोज त्या मुलीच्या शिव्या खायच्या!”

“शिव्या कसल्या?” काका बाकावर टेकले. “माझी लेक आहे ती.”

मावशींच्या सुईवरचे टाके निसटले. आणि मी? मी तर गारच पडलो! इतके दिवस त्या माणसाच्या लेकीचा आवाज माझ्या घशातून येत होता आणि मला पत्ता नाही!

मग काकांनी सगळं सांगितलं. मैदानाच्या पलीकडे ती मोठी इमारत उठतेय ना, तिथे क्रेन आहे. तसल्या क्रेनखाली काकांनी उभा जन्म काढला. वर केबिनमध्ये बसलेल्याला खालचं काही ऐकू येत नाही, म्हणून खालून हाताने खुणा करणारा माणूस लागतो. उचल, थांब, डावीकडे घे. ते काम काकांचं. लेक लहानपणी गच्चीवर चढून बसायची आणि काका खालून तिला तसल्याच खुणा करून जेवायला उतरवायचे. ती मोठी झाली आणि म्हणाली, मला क्रेनच चालवायचीय. काकांनी उंचावरून पडलेली माणसं पाहिली होती. ते घाबरले. घाबरले आणि गुपचूप जाऊन ठेकेदाराला सांगून आले, हिला घेऊ नका. लेकीला कळलं. मोठं भांडण झालं. भांडणात काका म्हणून गेले, “तुझा आवाजसुद्धा ऐकायचा नाही मला.”

“गेली ती,” काका म्हणाले. “कुठे राहते, काय करते, काही कळू दिलं नाही. एक दिवस या रस्त्याने जात होतो, तर वरून तिचा आवाज. मी इथेच मटकन बसलो हो.”

“मग ऑफिसात जाऊन भेटा की!”

“कुठल्या तोंडाने? वाटलं, तिच्याशी रोज दोन शब्द बोलू. एक दिवस तीच म्हणेल, ‘बाबा.’ एवढं बोलतो मी, पण ती उत्तरच देत नाही. अजून राग गेलेला नाही तिचा.”

मावशींनी डोक्याला हात लावला. “अहो, ती ऐकतच नाही! भोंगा आहे तो. त्यातून फक्त तिचं येतं, तुमचं जात नाही. तिला वरून दिसतं, बस्स.”

काकांचा चेहरा असा पांढरा पडला! ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “मग इतके दिवस मी कुणाशी बोलतोय?”

माझ्याशी, काका! माझ्याशी! पण मला कुठे बोलता येत होतं?

त्याच वेळी तिकडे ऑफिसात काय शिजत होतं बघा. तक्रारींचा जोर संपला होता आणि साहेबांना काहीतरी करून दाखवायचं होतं. दुसऱ्या दिवशी दोन पहारेकरी खांबाखाली येऊन थांबले. काका आले. आज ते वाफ्यात गेलेच नाहीत. माझ्यासमोर, थोडं लांब, मोकळ्या जागेत उभे राहिले. तेवढ्यात माझ्या तोंडून पंख्याची घरघर आली, म्हणजे ताईने बटण दाबलं होतं.

“सूचना,” ताई वाचायला लागली. “वारंवार नियम मोडणाऱ्या, फुलझाडांची नासधूस करणाऱ्या या टोपीवाल्या इसमाला आजपासून मैदानात कायमची बंदी...”

मला कुणी उपटून टाकलं असतं तर बरं झालं असतं! बापाला लेकीच्या तोंडून हाकलायचं, आणि तेही माझ्यातून!

काकांनी टोपी काढली आणि गवतावर ठेवली. मान वर करून कॅमेऱ्याकडे बघितलं. मग एका हाताचं बोट खाली करून गोल गोल फिरवलं, आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्याच्यासमोर आडवा धरला. परत तेच. आणि परत तेच.

“ए, हातवारे कुणाला करतोस?” एका पहारेकऱ्याने त्यांचं मनगट धरलं. दुसऱ्याने दुसरं. “पिऊन आलाय वाटतं!” पोरं हसली. मावशी विणकाम टाकून धावल्या, “सोडा त्यांना! मी सांगते सोडा!” काकांनी मनगट सोडवून घेतलं आणि परत बोट खाली, गोल गोल.

ताई वाचता वाचता थांबली.

नुसता पंखा ऐकू येत होता. मग साहेब, माझ्यातून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडले: “वाच ना पुढे. झोपलीस का?”

ताईने कागद खाली ठेवल्याचा आवाज आला.

“अगं, वेडा आहे तो. बघ काय चाळे करतोय. वाच!”

“वेडा नाही,” ताई म्हणाली. मित्रांनो, तो आवाज मी तोपर्यंत ऐकलाच नव्हता. “ते सांगतायत, हळू, खाली उतर.”

“कोण सांगतंय? काय बडबडतेस?”

“बाबा.” हाच शब्द माझ्यातून बाहेर पडला आणि खालची सगळी माणसं जागच्या जागी थिजली. “बाबा, थांबा. उतरतेय मी. ओ पहारेकरी, हात काढा त्यांच्या अंगावरचा!”

खुर्ची पडल्याचा आवाज आला. ती बटण तसंच अडकवून निघाली होती, त्यामुळे साहेब मागून ओरडत होते तेही सगळं मैदान ऐकत होतं. पहारेकऱ्यांनी हात असे मागे घेतले जणू चटका बसला. निळ्या मोटारसायकलवाल्या पोराने काय करावं? गवतावरची टोपी उचलली, झटकली आणि काकांच्या हातात दिली. मी बघतच राहिलो.

ताई धावत आली ती काकांपासून चार हातांवर येऊन अडखळली. दोघंही बघत उभे.

शेवटी ताईच ओरडली, “रोज वाफ्यात कशाला जात होता हो?”

“नाहीतर तू बोलली असतीस?”

ताईने तोंडावर हात दाबला आणि मग ती अशी रडली, अशी रडली! काका तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “ठेकेदाराकडे मी जातो. मीच नाही म्हटलं होतं, मीच हो म्हणून येतो.”

त्यानंतर माझी तार काढून टाकली. आता मैदानात देखरेखीला दोन माणसं पायी फिरतात. सगळं गोडगोड झालंय असं मात्र समजू नका. मधेच बाटली फुटते. गाडीही कधी आत येते. मग ती दोघं जवळ जातात, काय रे बाबा, काय झालं, असं विचारतात. भांडणही होतं कधी कधी. पण समोरचा जे म्हणतो ते ऐकू तरी येतं! बाळाला घेऊन येणारी ती बाई परत यायला लागली आहे. गुणगुणते. मला कुणी रंग देत नाही, कुणी पुसत नाही. माझ्या तोंडात साळुंक्यांनी घरटं केलंय आणि त्यांची पिल्लं माझ्या पत्र्यावर चोची आपटतात.

आणि ती बघा, पलीकडची क्रेन. आत केबिनमध्ये कोण बसलंय माहितीय? शिकतेय अजून. इकडे बाकावर टोपीवाले काका बसतात आणि इथूनच हाताने खुणा करत राहतात. तिकडचा खुणा करणारा माणूस भयंकर वैतागतो. मावशी म्हणतात, “अहो, बसा की गप्प, तिला काय दिसतंय इथून!”

पण मी उंच आहे ना, मला दिसतं. काम संपलं की ती केबिनच्या खिडकीतून एक हात बाहेर काढते आणि बोट खाली करून गोल गोल फिरवते.

मित्रांनो, एकच मागणं आहे माझं. मला नाही पुसलंत तरी चालेल. पण कुणावर ओरडावंसं वाटलं, तर आधी त्याच्या इतकं जवळ जा की तो काय म्हणतोय ते तुम्हाला ऐकू येईल. कदाचित तो एवढंच विचारत असेल, जेवलीस का.