येल्नीची खोली

जिल्ह्याच्या सांस्कृतिक खात्यातला फेर्दियान मोजपट्टी घेऊन माझ्या मुलीच्या खोलीत शिरला तेव्हा मी नारळ खवत होते. खवणीवरून उठले नाही. म्हटलं, आधी पाय पुसा, मग काय मोजायचं ते मोजा.

त्याला ती खोली हवी होती. दारावर 'थोर लेखक बख्तार यांची खोली' अशी पाटी, आत टेबल, पलंग आणि चष्मा. बख्तार हा माझा धाकटा भाऊ. येल्नीचं लग्न पुढच्या महिन्यावर आलेलं, आणि आमच्यात नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. घर बायकांचं, मागच्या चारही खोल्या मुलींच्या, आणि नव्या नवरीला शेवटची. तीच गेली तर माझ्या जावयाने काय भाताच्या कोठारात झोपायचं? फेर्दियान म्हणाला, जिल्हा तुम्हाला शाळेमागे दोन खोल्या बांधून देईल. तो आमच्यातलाच, पण पादांग शहरातल्या सिमेंटच्या घरात वाढलेला दीडशहाणा. बख्तारला या घरात कधी खोली नव्हतीच, हेही त्याला माहीत नव्हतं. आमच्या लहानपणी मुलगा सात वर्षांचा झाला की संध्याकाळच्या नमाजानंतर गावच्या सगळ्या मुलांबरोबर सुरावात, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, चटईवर झोपायला जायचा. लग्न होईपर्यंत हेच. मुलाने आईकडे जेवावं, झोपू नये.

बख्तारचं गाजलेलं पुस्तक तिथूनच सुरू होतं. पहिल्याच दिवशी सात वर्षांचा मुलगा घाबरून सुरावातून घरी पळत येतो आणि मोठी बहीण त्याच्या तोंडावर दार लावून अडसर घालते. ते वाचून जाकार्तात लोक रडले म्हणे. आमचं गाव मात्र पेटलं. आमच्या कुळाचे प्रमुख दातुक माराजो यांनी मशिदीत सगळ्यांसमोर त्याला खोटारडा ठरवलं. कॉफीच्या टपरीवाला पालिमो तर त्याचे पाय तोडणार होता. पिकतं तिथे विकत नाही, ते असं. तीस वर्षं येणारा जाणारा माझ्या दाराकडे बघून मान हलवायचा आणि मी चडफडायची. मग बख्तारला मोठा पुरस्कार मिळाला. त्याच पालिमोने टपरीत त्याचा चौकटीतला मोठा फोटो लावला.

दातुक माझ्याकडे आले. म्हणाले, गावाच्या नावाचा प्रश्न आहे, खोली देऊन टाक. आणि पाहुण्यांना एवढंच सांग की ते दाराचं त्याने मनाने रचलेलं आहे. म्हणजे पाटीही लागेल आणि आपली लाजही राहील. गावाला लेखक हवा होता, त्याने लिहिलेलं नको होतं.

घराचा निर्णय आमच्याकडे बायकांच्या होकाराशिवाय होत नाही. शुक्रवारी नमाजानंतर सगळे माझ्या घरी चटयांवर बसले. दातुक, पालिमो, फेर्दियान, कुळातल्या बायका आणि जाकार्ताहून आलेला बख्तार. आई गेली तेव्हा आला होता, त्यानंतर आत्ता. बायको वारलेली, हातात काठी. फणसाची भाजी त्याने दोनदा मागून घेतली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

जेवणं होत आली तेव्हा दातुकांनी मला बोलायला सांगितलं.

"दाराचं खरं आहे," मी म्हटलं. "अक्षर न् अक्षर खरं. अडसर मीच घातला. दहा वर्षांची होते मी. आई म्हणाली होती, आज दार उघडलंस तर हा जन्मभर घर धरून बसेल. तो बाहेरून दार बडवत होता आणि मी आतून दाराला पाठ लावून रडत होते. ते त्याने लिहिलं नाही, कारण त्याला ते दिसलंच नव्हतं. पण लिहिलं ते खरं आहे. माझ्या भावाला खोटारडा म्हणणाऱ्याने यापुढे माझ्या घरचा भात खाऊ नये."

पालिमोने हातातला घास ताटात ठेवला. दातुकांचा चेहरा लाल झाला.

"आणि खोली मिळणार नाही," मी म्हटलं. "ती येल्नीची आहे."

तेव्हा बख्तारने पहिल्यांदा वर पाहिलं. "उनी," तो म्हणाला. मोठ्या बहिणीला असं म्हणणारं मला आता दुसरं कोणी उरलेलं नाही. "मला पाटी नको होती गं. यांना हो म्हटलं ते एवढ्यासाठीच, की ती खोली माझी झाली तर मरायच्या आधी या घरात एकदा झोपता येईल."

मी हो म्हटलं असतं तर सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या असत्या. पण आतल्या दाराशी येल्नी उभी होती, आणि तिच्यासाठी भांडणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "मामा आहेस तू तिचा. मामाने भाचीची खोली घ्यायची? हे लिहिलंस तर पालिमो खरंच पाय तोडेल तुझे."

बायका हसल्या. पालिमोही ओशाळं हसला. बख्तारने डोळे पुसले आणि फेर्दियानला सांगितलं, ती मोजपट्टी गुंडाळून ठेवा.

"रविवारी नवऱ्याकडची माणसं येणार आहेत," मी त्याला म्हटलं. "मुलीकडून मामाने रीतीच्या जुन्या ओळींत बोलायचं असतं. थोरलीच्या लग्नात तुझी जागा मोकळी ठेवली होती, लोकांनी पाहिली. या वेळी तिथे तू बसायचंस."

तो गोंधळला. खालच्या आवाजात म्हणाला, "मला ते बोलणं येत नाही, उनी. कधी शिकलोच नाही."

"वीस भाषांत पुस्तकं आहेत ना तुझी? मग गावची एक शीक. दातुक शिकवतील."

दातुक माझ्याकडे रागाने बघत राहिले. मग त्यांनी घसा खाकरला आणि पाहुण्यांच्या स्वागताची पहिली ओळ म्हटली. बख्तारने ती म्हणायला घेतली आणि अर्ध्यातच अडला.

"चूक," दातुक म्हणाले. "सरकून बस इकडे. पुन्हा म्हण."