घर विकण्याआधीचं गाऱ्हाणं

आप्पांना गप्प बसायला शिकवावं लागेल असं रत्नागिरीत कुणालाही वाटलं नसतं. कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं नकलनविशी केली. तेवढ्या काळात मुन्सफसाहेबांच्या कानावर त्यांचा आवाज दोनदाच पडला, आणि त्यातली एक शिंक होती. तरी त्या चैत्रातल्या सकाळी सगुणाबाई त्यांच्यासमोर पदर खोचून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज हमीद नाखवा घर बघायला येणार. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"मी कुठं उघडतो?" आप्पा पुटपुटले.

"परवाच्या गिऱ्हाइकानं वहाणासुद्धा काढल्या नव्हत्या. तोवर तुम्ही त्याला गळती दाखवलीत."

हे खरं होतं. आप्पांच्या हाताला आणि मनाला नकलेचं वळण पडलं होतं. मूळ कागदावर जे असेल ते सगळं उतरवायचं. कागद फाटका असेल तर 'येथे कागद फाटला आहे' असं लिहायचं, शाई पुसट असेल तर तेही लिहायचं. एकही गोष्ट सोडली, तर खाली 'अस्सलबरहुकूम नक्कल' लिहिताना त्यांचा टाक अडायचा. घर दाखवतानाही तेच व्हायचं. दोन गिऱ्हाइकं त्यांनी अशीच पायऱ्या उतरवून परत पाठवली होती.

आणि पायऱ्या हेच तर घर विकायचं कारण होतं. राजिवड्याच्या वरच्या अंगाला टेकडीच्या कुशीत त्यांचं घर. रस्त्यावरून वर यायला जांभ्या दगडाच्या सदुसष्ट पायऱ्या. सगुणाबाईंचे गुडघे दोन वर्षांपासून बोलायला लागले होते. माळनाक्याच्या सपाटीवर भिकाजी पोतदारांचं घर विकाऊ होतं. त्याला पायरी एकच, आणि विहीर स्वयंपाकघराच्या दाराशी. भिकाजी मुलाकडे चिपळूणला निघाले होते. "अक्षय तृतीयेपर्यंत थांबतो, त्यानंतर मंडणगडचं गिऱ्हाईक तयार आहे," असं त्यांनी बजावलं होतं. सगुणाबाई ते घर बघून आल्या त्या दिवशी जेवताना हसल्या होत्या. आप्पांना ते हसू आठवत होतं. या वेळी माझ्यामुळे बिघडलं, तर पुढचा पावसाळाही ती याच पायऱ्या चढेल, हे ते मनाशी घोकत होते. म्हणून त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

सगुणाबाईंनी तयारी जय्यत केली होती. जमीन सारवली, भिंतींना चुना फासला. माजघरातल्या भिंतीच्या भेगेवर देवाची तसबीर टांगली. वाळवी लागलेल्या खांबाला आप्पांच्या पुस्तकांचे पेटारे टेकवून ठेवले. वाळवी पुस्तकांतूनच खांबात गेली होती, तेव्हा पुस्तकांनीच ती झाकावी, हा त्यांचा न्याय.

हमीद नाखवा आला तो धापा न टाकता. साठीचा माणूस, पण सगळा जन्म गलबतावर गेलेला. मागून त्याची बायको खुर्शीद आली. तिनं अंगणात उभं राहून आधी घराकडे पाहिलं, मग आप्पांकडे पाहिलं.

"काय वो आप्पा, छप्पर कसं काय हाय?" हमीदनं विचारलं.

आप्पांनी वर पाहिलं. नेमकं जिथं गळायचं तिथंच पाहिलं आणि मान खाली घातली.

"विहिरीला पाणी किती?"

"पाणी गोड आहे," सगुणाबाई मधेच म्हणाल्या.

"गोड हाय ते बरं. पन किती हाय?"

"अगदी गोड हो! आणि परसात फणस आहे. कापा."

आप्पांना खोकला आला. फणस बरका होता, लिबलिबीत गऱ्यांचा. खुर्शीद त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिनं कोपऱ्यातल्या खोलीत डोकं घातलं आणि एकदम विचारलं, "हितं कोन मेलं काय?"

आप्पांच्या कपाळाला दरदरून घाम फुटला. त्याच खोलीत त्यांचे वडील वारले होते. सांगावं तर बायकोचा हुकूम मोडतो, नाही म्हणावं तर खोटं. ते मटकन पेटाऱ्यावर बसले.

नाखव्यानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं नाखव्याकडे. "विचार करून सांगतो," असं म्हणून दोघं पायऱ्या उतरून गेली. चढायला लागला होता त्याच्या निम्माच वेळ उतरायला लागला.

दुसऱ्या दिवशी शेजारची तुळसा बातमी घेऊन आली. "वहिनी, खुर्शीद म्हणते त्या घरात कायतरी हाय. म्हातारा नुसता घामाघूम होतो, तोंडातनं शब्द काढत नाय. कुनी फास घेतलान असनार, नायतर कज्जा चालू असनार."

"अगं बाई!" सगुणाबाईंनी कपाळाला हात लावला आणि आप्पांकडे वळल्या. "इतकं गप्प बसायला कुणी सांगितलं होतं?"



तेव्हा सगुणाबाईंना गाऱ्हाण्याची आठवण झाली. घर दुसऱ्याच्या हाती द्यायचं तर जागेच्या राखणदाराला, म्हणजे ती जागा सांभाळणाऱ्या देवाला, आधी सांगावं लागतं. नारळ ठेवायचा, विडा ठेवायचा, आळीतली चार माणसं उभी करायची आणि नव्या माणसाला त्याच्या ओटीत घालायचं. गाऱ्हाणं घालणारा एकेक वाक्य म्हणतो आणि उभी असलेली माणसं त्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. मधे दुसरा शब्द बोलायचा नसतो. सगुणाबाईंचा हिशोब सरळ होता. राखणदारासमोर घर मोकळेपणानं सोडताना नाखव्यानं पाहिलं, की त्याच्या मनातला संशय जाईल. त्यांनी निरोप धाडला. हमीद शेजारधर्माला पक्का. "गलबत पान्यात घालताना आमी बी नारळ देतो. येतो," म्हणाला.

आळीतली सगळी गाऱ्हाणी धोंडू घालायचा. त्याचा आवाज भाट्याच्या खाडीपलीकडे जायचा. पण यंदा शिमग्यात पालखीपुढे तो इतका ओरडला होता, की चैत्र निम्मा सरला तरी घशातून कुईंकुईंखेरीज काही निघेना. गाऱ्हाण्याच्या दिवशी सकाळी त्यानं येऊन गळ्याकडे बोट दाखवलं, मग आप्पांकडे दाखवलं. धोंडू नसेल तर घरधन्यानंच बोलायचं, ही रीत.

 सगुणाबाईंनी आप्पांना तडक स्वयंपाकघरात नेलं.

"तीन वाक्यं म्हणायची. आम्ही जातो. नव्या माणसाचं भलं कर. चुकलंमाकलं माफ कर. किती?"

"तीन."

"चौथं म्हणालात, तर मी इथंच मरेन आणि मग त्या खुर्शीदला खरंच सांगावं लागेल."

परसात फणसाखाली राखणदाराचा शेंदूर लावलेला दगड होता. त्याच्यापुढे नारळ ठेवला. आळीतली दहाबारा माणसं जमली. हमीद आणि खुर्शीद थोडी बाजूला, कुंपणाच्या वईपाशी उभी राहिली. आप्पांनी हात जोडले.  इतक्या माणसांसमोर ते जन्मात बोलले नव्हते.

"हे जागेच्या राखणदारा महाराजा," ते म्हणाले, "आम्ही हे घर सोडून जातो."

"व्हय म्हाराजा!"

"या हमीद नाखव्यांच्या मनात आलं, तर त्यांचं आणि त्यांच्या मुलाबाळांचं भलं कर."

"व्हय म्हाराजा!"

सगुणाबाईंनी सुस्कारा सोडला. एकच राहिलं होतं.

"आमचं काही चुकलंमाकलं असेल..." आप्पा थांबले.

इथं घात झाला. 'चुकलंमाकलं' म्हणजे काय? असा मोघम अर्ज कचेरीत कुणी घेतला असता का? काय चुकलं, कुठं चुकलं, तपशील नको? आणि इथं तर समोर मुन्सफ नव्हता, राखणदार होता. त्याला सगळं ठाऊक होतं. आप्पांच्या आतला नकलनवीस जागा झाला.

"माजघराच्या आढ्याखाली आषाढात गळतं महाराजा. तिथं मी तीन वर्षं पातेलं ठेवलं, कौलं बदलली नाहीत. चुकलं."

"व्हय म्हाराजा!" माणसं सवयीनं गरजली.

"माजघराच्या भिंतीला भेग आहे. तिच्यावर तसबीर आहे."

"व्हय म्हाराजा!"

"पेटाऱ्यांमागच्या खांबाला वाळवी आहे. ती माझ्या पुस्तकांतून गेली."

"व्हय म्हाराजा!"

"श्रावणात पुढचं दार फुगतं. मग मागच्या दारानं यावं लागतं. परसातला फणस बरका आहे. कुटुंबाकडून कापा असं सांगण्यात आलं."

"व्हय म्हाराजा!" यात तुळसाचा आवाज सगळ्यात मोठा होता. तो फणस दर वर्षी तिच्या वाट्याला यायचा.

सगुणाबाई डोळ्यांनी, भुवयांनी, हातांनी खुणा करत होत्या. पण मधे शब्द बोलायचा नव्हता, आणि आप्पांचे डोळे मिटलेले होते. धोंडू मोठ्या उत्साहानं हात वर करून लोकांना ताल देत होता.

"कोपऱ्यातल्या खोलीत माझे वडील वारले. शहाऐंशीव्या वर्षी, दुपारी जेवून, अडकित्त्यानं सुपारी कातरता कातरता. कज्जा नाही, गहाण नाही. कुणी फास घेतलेला नाही."

"व्हय म्हाराजा!"

"वैशाखात विहीर आटते." इथं आप्पांचा आवाज बारीक झाला. "मग खालच्या विहिरीवरून पाणी आणावं लागतं. सदुसष्ट पायऱ्या. बत्तीस वैशाख ते सगुणेनं आणलं. मी ओटीवर पुस्तक वाचत बसलो. एकदाही घागर उचलली नाही. तिचे गुडघे गेले ते माझ्यामुळे. हे सगळ्यात जास्त चुकलं महाराजा."

 नवराबायकोच्या या मामल्यात 'व्हय' म्हणावं की म्हणू नये, हे कुणाला कळेना. धोंडूचा हात वरच राहिला.

आणि मग एक आवाज आला, एकटाच, खणखणीत.

"व्हय म्हाराजा!"

सगुणाबाई होत्या. डोळे पुसत होत्या, पण म्हणाल्या मात्र अशा ठासून, की फणसावरचा कावळा उडाला. मागोमाग सगळी आळी गरजली. आप्पांनी नारळ फोडला आणि डोळे उघडले. सगुणाबाईंचं तोंड बघून त्यांना वाटलं, घर गेलं. म्हणजे विकायचं राहिलं.

हमीद नाखवा पुढे आला. "बस?" तो म्हणाला. "इतकंच?"

"दुसरी पायरी थोडी हलते," आप्पा म्हणाले.

"अवो, आमी काय काय मनात आनलं होतं! गळती, वाळवी... गलबतावर जन्म गेला माझा. भोकं बुजवायचाच धंदा आमचा. कुठं भोक हाय ते म्हाईत असलं म्हंजे झालं." त्यानं खाडीच्या तोंडाकडे बोट केलं. "आता पोरगा गलबत नेतो. मी घरी बसनार. हितनं शीड दिसतं, म्हनून तर मला उंचावरचं घर हवं."

"थांब," खुर्शीद म्हणाली. ती सगुणाबाईंच्या गुडघ्यांकडे बघत होती. "वैशाखात पानी कोन आननार?"

"आनू की कायतरी करून."

"कायतरी नाय. तू आननार. दगडासमोर सांग, ही सगळी मानसं हायत तवर."

नाखव्यानं इकडेतिकडे पाहिलं. पळायला सदुसष्ट पायऱ्या होत्या. "आनीन," तो म्हणाला.

"व्हय म्हाराजा!" आळी गरजली.

अक्षय तृतीयेच्या सकाळी माळनाक्याच्या घरी भिकाजी पोतदारांनी अंगणात राखणदाराच्या दगडापुढे नारळ ठेवला. ते घाईत होते. चिपळूणची मोटार पकडायची होती. त्यांनी भराभरा गाऱ्हाणं घातलं. "आम्ही जातो महाराजा, यांचं भलं कर, चुकलंमाकलं माफ कर." आणि नारळाला हात घातला.

पण 'व्हय म्हाराजा' आलं नाही. सगुणाबाई पदर खोचून उभ्या होत्या, आणि आप्पा त्यांच्या शेजारी.

"काय झालं?" भिकाजींनी विचारलं.

"आमच्यात तपशीलवार सांगतात," सगुणाबाई म्हणाल्या. "काय चुकलंमाकलं?"

"छे हो, काही नाही! घर कसं ठणठणीत आहे."

 सगुणाबाई त्या एकुलत्या एका पायरीवर ऐसपैस बसल्या. भिकाजींनी उन्हाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, देवाच्या दगडाकडे पाहिलं. उपरण्यानं कपाळ पुसलं.

"मोरी तुंबते," अखेर ते अगदी हळू म्हणाले.

"व्हय म्हाराजा!" आप्पा गरजले. मुन्सफसाहेबांनी एकतीस वर्षांत ऐकला नव्हता असा तो आवाज होता. भिकाजी इतके दचकले, की त्या धक्क्यात कुणी न विचारताच त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगून टाकल्या.