जाणारी वायर, येणारी वायर

एस्तेर साळवे गव्हाचा डबा घेऊन पुढच्या दाराने बाहेर पडली आणि पुढचंच पाऊल तिने मागच्या दाराने घरात टाकलं. मध्ये गल्ली लागली नाही, गिरणी लागली नाही. गहू डब्यात तसेच होते.

"अहो, तुम्ही काय जोडून ठेवलंय?" तिने नवऱ्याला विचारलं.

रत्नाकरच्या तोंडचं पाणी पळालं. तीस वर्षं तो नगरच्या एका चर्चमध्ये गिटार वाजवत होता, पण असं कधी झालं नव्हतं. त्याच्या छोट्या जुन्या अ‍ॅम्पचा, म्हणजे गिटारच्या स्पीकरपेटीचा, आवाज गोड, पण मागच्या बाकांपर्यंत पोचत नसे. मेहुण्याने दिलेला मोठा अ‍ॅम्प भिंती हलवायचा, पण घोगरा. दोघांच्याही पाठीला वायर खुपसायची दोन-दोन भोकं होती, सेंड आणि रिटर्न. सेंडमधून आवाज बाहेर जातो, रिटर्नमधून आत येतो. उद्याच्या सणासाठी त्याने छोट्याचा सेंड मोठ्याच्या रिटर्नला जोडला. गोडवा याचा, ताकद त्याची. तिथेच थांबला असता तर काही बिघडलं नसतं. पण एक वायर उरली होती, आणि मोकळी वायर रत्नाकरला बघवत नसे. ती त्याने मोठ्याच्या सेंडमधून छोट्याच्या रिटर्नमध्ये खुपसली. आता जे बाहेर जाईल ते फिरून आतच येत होतं, आणि घरही तसंच वागायला लागलं होतं.

खरं तर तेव्हाच ती वायर उपसायची. पण नेमकं काय झालंय ते बघावं म्हणून त्याने तारा छेडल्या, आणि आयुष्यभर मनात होता तो सूर खोलीत उभा राहिला. एस्तेर काहीतरी सांगत होती. "हळू बोल," तो म्हणाला. वाजवताना तो हे नेहमीच म्हणायचा. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हजारदा म्हणाला असेल.

उद्या चाळीस माणसांच्या चपात्या करायच्या होत्या आणि गिरणी चारला बंद व्हायची. एस्तेर पुन्हा निघाली. या वेळी मागच्या दाराने यायला तिला जरा वेळ लागला, आणि आली ती हळू होऊन. चपला वाजल्या नाहीत. हिरव्या साडीचा रंग विटला होता. परत जाऊन बघते, असं ती म्हणाली, पण ते नुसतं ओठांवरून कळलं.

रत्नाकर हबकला. त्याने मोठ्या अ‍ॅम्पचं आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं. पुढच्या फेरीला ती आली तेव्हा तिच्या श्वासाने मांडणीवरचे पेले थरथरले, पण त्यात नुसती खरखर होती, एस्तेर नव्हती. त्याने घाईघाईने बटण खाली आणलं आणि तिचा हात धरला, तर मुठीत बांगड्यांचा गारवा तेवढा आला. जाऊ नकोस, म्हणून तो विनवू लागला. आता तिलाही त्याचं ऐकू येत नव्हतं. त्याने दाराला कडी घातली. कडी न काढताच ती बाहेर गेली.

पण एस्तेर बाहेर असताना वायर काढली तर ती तिकडेच राहिली असती. छोट्या अ‍ॅम्पच्या मागे बसून त्याने रिटर्नमधली वायरची पिन मुठीत धरली आणि मागच्या दाराकडे डोळे लावले. ती आत आली की उपसायची. पण इतकी पुसट झालेली बायको आली हे कळायचं कसं? दाराचा पडदा हलला. वाऱ्यानेही हलला असेल. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तो तिचं बोलणं ऐकायला कान देऊन बसला होता.

"एस्तेर, आलीस का?"

पडदा पुन्हा एकदा हलला. मग अगदी हळू, त्याने शिकवलं होतं तितकंच हळू, "आले."

त्याने वायर उपसली.

पुढच्या दाराबाहेर गल्ली परत आली. एक सायकल गेली, लांबवर गिरणी चालू असल्याचं ऐकू आलं. मागच्या दारात कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात नव्हतं, मोरीपाशी नव्हतं. रत्नाकर हाका मारत परत खोलीत आला.

मोठ्या अ‍ॅम्पवरून लोंबणाऱ्या, नुकत्याच उपसलेल्या पिनेच्या टोकातून पिठाची बारीक धार लागली होती. त्याने चटकन खाली ओंजळ धरली. पीठ आत्ताच दळल्यासारखं गरम होतं. ओंजळ भरत आली, आणि ओंजळ सोडली तर एस्तेर सांडेल म्हणून पिन परत बसवायला त्याचा हात मोकळा नव्हता.