चंबळचा फोटो

स्वातीबाईंना राग लवकर येतो आणि जाता जात नाही, हे गोंडपिपरीत शाळेच्या शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. विज्ञान शिकवायच्या त्या. वर्गात कुणी खोटं बोललं की त्याला उभं करायच्या, आणि खरं सांगेपर्यंत खाली बसू द्यायच्या नाहीत. सुट्टीत मात्र गळ्यात दुर्बीण अडकवून नदी-तलाव पालथे घालायच्या.

चंद्रपूरच्या पक्षीमित्रांच्या गटात त्या होत्या, आणि तिथे 'हो सर, हो सर' न करणाऱ्या एकट्या त्याच होत्या. सर म्हणजे गोपालसर. गटाचे प्रमुख, निवृत्त प्राध्यापक. प्रत्येक सहलीच्या सुरुवातीला त्यांचं एक भाषण ठरलेलं. "ओळखण्यात चूक झाली, माफ. पण एका जागचा फोटो दुसऱ्या जागचा म्हणून खपवला, तर तो माणूस माझ्यासाठी मेला." हे नुसतं बोलणं नव्हतं. वरोऱ्याच्या एका दंतवैद्याला त्यांनी याच कारणासाठी असा वाळीत टाकला होता, की तो लग्नात समोर आला तरी मंडळी पाठ फिरवत.

मे महिन्यातल्या एका रविवारी गटाची सहल वैनगंगेवर निघाली. दहा वाजायच्या आतच रेती तापली आणि सगळी मंडळी काठावरच्या आंब्याखाली डबे उघडून बसली. स्वातीबाई एकट्या पात्रात उतरल्या. नदी आटली की मासेमारी करणारे ढिवर लोक पात्रातल्या रेतीत टरबुजं लावतात आणि उन्हाळाभर तिथेच झोपडी टाकून राहतात. त्या डांगरवाड्या ओलांडून त्या पाण्यापाशी पोचल्या, आणि समोर पाहून जागच्या जागी थांबल्या.

पाण्यावरून दोन पक्षी अगदी खालून येत होते. पाठ काळी, पोट पांढरं, चोच नारिंगी. खालची चोच वरचीपेक्षा लांब, आणि तीच पाण्यात बुडवून नांगर धरल्यासारखे ते सरळ रेघ ओढत चालले होते. पाणचिरा! त्यातला एक पलीकडच्या रेतीच्या बेटावर उतरला आणि अलगद खाली बसला. हे असं बसणं कशासाठी असतं ते त्यांना माहीत होतं. त्यांनी फोटो काढला, पण मधल्या झळांनी तो पार विरघळून गेला.

"पाणचिरा? मे महिन्यात? इथे?" गोपालसरांनी फोटो पाहिला न पाहिला आणि कॅमेरा परत केला. "ताई, तो अंडी घालतो तिकडे उत्तरेत. हा नदीसुरय आहे साधा. तुम्ही चंबळला जाऊन आल्यापासून तुम्हाला सगळीकडे पाणचिराच दिसून राह्यला!"

सगळे हसले. ज्यांना पाणचिरा आणि बगळा यांतला फरक सांगता आला नसता तेही हसले. स्वातीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शाळेला सुट्टीच होती. दोन-तीन दिवसांनी त्या पुन्हा नदीवर आल्या. गोकुळाबाईंची डांगरवाडी पाण्याला लागून होती आणि त्यांची पोरगी पायल बाईंच्याच वर्गात. गोकुळाबाईंनी डोंगा काढला, पायल पुढे बसली. बेटाजवळ न जाता, लांबूनच, मोठी लेन्स लावून बाईंनी फोटो घेतला. या वेळी मात्र काचेसारखा स्वच्छ आला. रेतीतल्या उथळ खळग्यात ठिपक्यांची तीन अंडी, आणि त्यांच्याशेजारी उभी मादी.

मादी उडाली, पाण्यावर पोट टेकवलं, आणि ओल्या पोटानं परत अंड्यांवर येऊन बसली.

"अंड्याइले पानी पाजते का वो ते?" गोकुळाबाईंनी विचारलं.

"गार करते. ही रेती बघा ना, हात ठेववत नाही. थोडा वेळ जरी ती उठून गेली ना, तर अंडी उकडतात." बाईंनी दुर्बीण पायलच्या हातात दिली. "नीट बघ. हा पक्षी इथे अंडी घालतो हे अजून कुणालाच माहीत नाही. तू बघितलंस."

पायल किती तरी वेळ डोळ्यांवरची दुर्बीण काढेना.

बाई तिथेच थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण नाकावरचा राग! घरी पोचल्या पोचल्या त्यांनी गटावर फोटो टाकला, जागेच्या खुणेसकट. खाली लिहिलं, "घ्या सर. नदीसुरय."

टाळ्यांचा पाऊस पडला. गोपालसरांनी लिहिलं, "मला रविवारीच शंका आली होती. आपल्या गटाचं फार मोठं यश!" ज्या माणसानं चारचौघांत पाणउतारा केला, त्याला म्हणे शंका आली होती. बाईंनी फोन आपटता आपटता खाली ठेवला. पण खरी आग पुढेच होती. येत्या रविवारी खास सहल ठरली. नागपूरचे येणार, पुण्याहून कुणी निघाले. एकानं विचारलं, गाडी रेतीत उतरते का? दुसऱ्यानं विचारलं, ड्रोन चालेल का?

त्यांनी गोपालसरांना फोन लावला. "सर, नका आणू कुणाला. अंडी आहेत."

"अहो, चार लोकांनी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नोंद कशी होणार? एकेक जण दोन मिनिटं बघेल न निघेल."

"चाळीस जण होताहेत! तेवढा वेळ ती माय वरच घिरट्या घालत राहील आणि खाली अंडी शिजतील."

"काऊन एवढं चिडता, ताई? नाव तर तुमचंच होईल ना."

नाव! जसं काही त्या नावासाठी पात्रात उतरल्या होत्या. त्यांनी वनखात्यातल्या ओळखीच्या एका साहेबांना फोन केला, तर साहेब खूश. म्हणाले, "छान झालं सांगितलं, आम्हीपण येतो मुलाबाळांना घेऊन." पक्ष्यांवर प्रेम करणारी एवढी माणसं, आणि त्यातलं एकही घरी बसायला तयार नव्हतं.

शनिवारी दुपारी गोकुळाबाईंचा फोन आला. "बाई, एक जन गाडी घेऊन आल्ता. रेती पाहून गेला. उद्या समद्या गाड्या बेटापावतर नेतो म्हनते."

बाई फोन हातात धरून बसून राहिल्या. फोटो काढून टाकून उपयोग नव्हता, तो गावभर झाला होता. लोकांना थांबवणारी एकच गोष्ट त्यांना दिसत होती, आणि ती त्यांना नको होती. आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी पोरांना उभं केलं, तीच. पुन्हा पुन्हा लिहिलं, पुसलं. शेवटी पाठवलं.

"उद्या कुणी येऊ नका. तो फोटो वैनगंगेचा नाही. चंबळच्या सहलीतला जुना आहे. सगळे हसले म्हणून रागानं टाकला. मी खोटं बोलले."

गोपालसरांचा फोन लगेच आला. "मला रविवारीच शंका आली होती," ते म्हणाले. हेच शब्द, याच सुरात! "शिक्षिका ना तुम्ही? मुलांना हेच शिकवता?"

बाईंच्या जिभेवर काय काय आलं होतं. सगळं गिळलं. "चुकलं, सर," एवढंच बोलल्या. संध्याकाळपर्यंत त्या गटाबाहेर होत्या, आणि दंतवैद्याच्या रांगेत.

रविवारी पात्रात एकही गाडी उतरली नाही. जूनच्या सुरुवातीला बेटावर रेतीच्याच रंगाची तीन पिल्लं धावत होती. डोंग्यातून बघताना पायल टाळ्या वाजवायला निघाली, तेव्हा आईनं तिचे हात धरले. पाणी वाढायच्या आत पिल्लं उडाली.

"आता तरी दाखवा त्या बुढ्याले फोटो," गोकुळाबाई म्हणाल्या.

"पुढच्या वर्षी ती परत येतील, गोकुळाबाई. इथेच येतील."

जुलैत मुख्याध्यापकांनी शाळेत पक्ष्यांवर व्याख्यान ठेवलं. पाहुणे गोपालसर. स्वातीबाई मागे भिंतीपाशी उभ्या होत्या. सरांनी पडद्यावर पाणचिऱ्याचं चित्र लावलं आणि मुद्दाम मागे नजर टाकली. "हा पक्षी आपल्या जिल्ह्यात अंडी घालत नाही. काही लोक घालतो म्हणून सांगतात. लक्षात ठेवा मुलांनो, निसर्गाशी खोटं बोलू नये."

तेवढ्यात पोरींच्या रांगेतून एक हात वर गेला आणि पायल उभी राहिली.

"सर, घालते ना! आमच्या डांगरवाडीजवळ..."

"पायल, खाली बस." बाईंचा आवाज इतका चढला की सगळे विद्यार्थी मागे वळले. "येत नसेल तर काहीतरी ठोकून द्यायचं नाही. बस खाली."

गोपालसर समजूतदारपणे हसले. पायल बसली नाही. तिचे डोळे भरून आले होते.

"पन बाई," ती म्हणाली, "तुमीच तं दाखवली व्हती मले."