तांब्याची कॉइल

सलग दुसऱ्या वर्षी ऊस नव्हता, म्हणून माजलगावकडचा आमचा सहकारी साखर कारखाना चालूच झाला नाही. तिथल्या मीटर आणि कंट्रोल सांभाळणाऱ्या इन्स्ट्रुमेंट विभागात आम्ही दोघं होतो. रुद्रप्पाकाका अठ्ठावीस वर्षं, मी सहा. मला पुण्यातल्या एका सिंथेसायझर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्य, बनवणाऱ्याचं डिझाइनचं काम मिळालं. काका घरी बसले आणि हळूहळू बोलायचेच बंद झाले.

स्वर किती वेळात चढायचा आणि किती वेळात विरायचा, हे ठरवणारं सर्किट मला करायचं होतं. त्याला एन्व्हलप जनरेटर म्हणतात. हा वेळ नुसत्या बटणानं नाही, तर बाहेरून दिलेल्या व्होल्टेजनंही बदलता यायला हवा होता. माझं सर्किट सकाळी नीट चालायचं. दुपारी खोलीचे पत्रे तापले की तोच स्वर निम्म्या वेळात संपायचा. महिनाभर झगडले, मग बोर्ड आणि छोटा स्पीकर पिशवीत घालून काकांकडे गेले.

उमाकाकूंनी दार उघडलं. "बघ बाई, बोलले तर."

काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी सगळं सांगितलं. ते पाठमोरेच म्हणाले, "वाफ चढवाय-उतरवायचा कंट्रोल असतो, तसंच हाय की हे."

"तसंच, काका. पण उन्हानं बिघडतंय."

ते उठून बसले. तोंड जवळ नेऊन एका ट्रान्झिस्टरवर गरम श्वास सोडला. स्पीकरमधला स्वर लगेच आखूड झाला.

"एकटा हाय म्हणून पळतोय. जोडी लाव त्याला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाळीस ट्रान्झिस्टर एकेक करून मोजले, त्यातले तंतोतंत सारखे दोन निवडले आणि तोंडाला तोंड लावून बांधले. दोन्ही सारखेच तापणार, म्हणजे एकाची चूक दुसरा खोडणार. खूप फरक पडला, तरी थोडी चूक उरलीच. त्यासाठी उष्णतेनं ज्याचा रोध वाढतो असा एक खास रेझिस्टर हवा होता. तो बीडला मिळाला नाही.

"आपल्या पॅनेलमधी हाय तसला," काका म्हणाले.

आम्ही कारखान्यावर गेलो. वॉचमन बंकट काकांना ओळखत होता. "जावा आत. कोण इचारतंय आता?" मी गेटवरच थांबले. अर्ध्या तासानं काका रिकाम्या हातानं परत आले. अंगावर धूळ होती.

"नव्हता का?"

"होता. कव्हर काढलं बी." ते चालत राहिले. "इतक्या वर्षांत एक स्क्रू घरी नेला न्हाई, महादेवी. हात धजला न्हाई."

घरी आल्यावर त्यांनी बंद पडलेल्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर फोडला आणि त्यातली केसासारखी बारीक तार त्या जोडीभोवती गुंडाळत बसले. तांबं तापलं की करंटला जास्त अडवतं, तेवढीच चूक भरून निघते. गुंडाळी चुकली की सोडायची, पुन्हा करायची. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, पत्र्याखाली, स्वर सकाळच्याइतकाच टिकला. काकूंनी काकांना वाढून दिलं, ते बोलत जेवले. पुण्याला बाराएक लागतील म्हणून त्यांनी आणखी अकरा कॉइल करून ठेवल्या.

मी बोर्ड पुण्याला पाठवला, आणि आठवड्यानं त्या सिंथेसायझरवाल्याचा फोन आला. डिझाइन पसंत होतं. पण हातानं गुंडाळलेली कॉइल चालणार नव्हती. तो रेझिस्टर बाहेरून तयार मागवायचा ठरला होता. मी दोनदा विचारून पाहिलं. तो माणूस चांगलं बोलत होता, आणि त्याचं खरंही होतं.

मी जाऊन काकांना सांगितलं. खोटं बोलता आलं असतं, पण त्यांच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते.

"बरोबर हाय त्याचं," ते म्हणाले. "दोन कॉइल सारख्या व्हतच न्हाईत हातानं." त्यांनी अकराही कॉइल डब्यात ठेवल्या, झाकण लावलं आणि आडवे झाले. भिंतीकडे वळले.

उमाकाकू मला सोडायला बाहेर आल्या. टँकर यायची वेळ झाली होती, गल्लीत घागरींची रांग लागली होती.

"दुसरं काई काम हाय का गं त्यांच्यासाठी?" त्यांनी हळूच विचारलं. "कसलं बी चालंल."

"बघते, काकू," मी म्हणाले. माझ्याकडे काहीच नव्हतं, आणि ते त्यांनाही कळलं असावं. त्यांनी घागर उचलली आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.